घायपाताच्या पल्याड

आमच्या भागात भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे लावून ठेवायची पद्धत आहे. आडबाजूची एस.टी. एकदा चुकली की अर्धा दिवस गेलाच, म्हणून. सरांच्या घरातलं घड्याळ मात्र रेडिओच्या ठोक्याला जुळवलेलं असायचं. त्यामुळे सरांची गाडी हमखास चुकायची. मग ते फाट्यावर उभे राहून, उडालेल्या धुळीकडे बघत शांतपणे म्हणायचे, "गाडी लवकर गेली. मी वेळेवर होतो."

सगळे सर या एका वाक्यात आले, असं मला आता वाटतं. शाळेत होतो तेव्हा आम्ही या वाक्यावर पोट धरून हसायचो. वर्गात कोणी उशिरा आलं की मागच्या बाकावरून आवाज यायचाच, "शाळा लवकर भरली!"

ते आम्हाला भूगोल शिकवायचे. आणे गावच्या पठारावर, गावापासून बऱ्याच लांब, अगदी कड्याच्या टोकाला त्यांचं घर होतं. तिथून ते रोज घाट उतरून बेल्ह्याला शाळेत यायचे. बेल्ह्याच्या बाजारात आमचं दुकान. आजोबा मारवाडातून आले आणि इथे भांडी विकायला लागले. आता आम्ही घरातसुद्धा मराठीच बोलतो, भांडण झालं तर तेवढं मारवाडी आठवतं. सर मला पाचवीपासून 'शेठ' म्हणायचे. चिडवायला नव्हे. त्यांच्या मते दुकानदाराच्या मुलाला तीच बरोबर हाक होती, आणि बरोबर असलेली गोष्ट बदलायचं त्यांना काही कारण दिसत नसे.

नकाशाच्या बाबतीत तर ते खाटीकच. एकदा मी घोड नदी काढली. निळ्या रंगाने, छान वळणं देऊन. सरांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "शेठ, तुझी नदी डोंगर चढते आहे. तिला दम लागेल." सगळा वर्ग हसला. मार्क शून्य. मी म्हटलं, सर, जरासंच चुकलंय. ते म्हणाले, "जरासं चुकलेलं जास्त वाईट. खूप चुकलेलं निदान लगेच दिसतं."

आणि चालणं. सरांचं पाऊल ठरलेलं होतं. चढ असो, उतार असो, एक पाऊल दुसऱ्या पावलाएवढंच पडणार. कुठेही चालत गेले की पावलं मोजत जायचे, आणि पोचल्यावर अंतर सांगायचे. रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड चुकीच्या जागी बसवलाय, असं त्यांनी सरकारला लेखी कळवलं होतं म्हणे. चालताना त्यांना हाक मारायची सोय नव्हती, कारण मोजणी चुकली तर ते पुन्हा मागे जाऊन सुरुवात करत. सगळ्या पठाराला ही गोष्ट ठाऊक होती. बांधावरची म्हातारी माणसंसुद्धा त्यांना बघून नुसता हात वर करायची आणि एकमेकांना सांगायची, "बोलू नगा, सर मोजत्यात."

भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर मी पुढे केबलचा धंदा टाकला. आधी टीव्हीची केबल, मग इंटरनेटची. लोकांना वाटतं यात लई मजा आहे. मजा कसली! कडब्याने लादलेली ट्रॉली आली की वायर तुटली. उंदराने कुरतडली की तुटली. आणि तुटली की दहा घरांतून एकदम फोन. माणसाला नळाचं पाणी दोन दिवस नसलं तरी चालतं, नेट दोन तास गेलं की तो आईबापावरून बोलायला लागतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आदल्याच वर्षी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. पुण्यात घरात कोंडून घेण्यापेक्षा गावी बरं, म्हणून तो बायको-मुलीला घेऊन सरांकडे आला. कंपनीचं काम घरूनच. पण सरांच्या घरी मोबाईलला रेंजच नाही. घर आणि गाव यांच्यामध्ये एक टेकाड आडवं आलंय. मग मुलगा रोज सकाळी गाडी काढून गावात यायचा, देवळासमोरच्या पिंपळाखाली गाडी लावायचा, आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीतच बसायचा. दुपारी सर त्याचा डबा घेऊन चालत यायचे. घराकडून गावात, गावातून घराकडे. मोजतच असणार.

एक दिवस ते डबा पोचवून तसेच घाट उतरून माझ्याकडे आले. मास्क लावलेला, बाकी शाळेत यायचे तसेच, इस्त्रीचा शर्ट.

"शेठ," ते म्हणाले, "चिरंजीव म्हणतोय, घरी नेट आलं तर इथेच राहतो. कंपनीची हरकत नाही. नातीला इथल्याच शाळेत घालणार."

मी त्यांना शाळेत इतकी वर्षं बघितलं, पण त्यांचा आवाज असा हललेला मी पहिल्यांदाच ऐकला. काकू गेल्यापासून त्या कड्यावर ते एकटे राहत होते. भरल्या घराची त्यांना किती ओढ लागली होती ते तेव्हा मला कळलं.

एवढ्या लांब वायर द्यायला कंपनी तयार नव्हती. घराच्या छपरावर डिशची छत्री बसवून जमेल का तेही आम्ही पाहिलं, टेकाड काही हलेना. शेवटी ठरलं की वायर आमची, पोल सरांचे. सरांनी कुठून कुठून जुने लोखंडी पाइप जमवले आणि गड्याला हाताशी घेऊन स्वतः खड्डे घ्यायला लागले. प्रत्येक पोल ओळंबा लावून उभा करायचा. आमचा वायरमन वर जाऊन आला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "शेट, आपल्या गावातलं पोल बघा, समदं दारू पिऊन हुबं राह्यल्यागत. आन् सरांचं बघा. लई येगळा मानूस."

गावाच्या बाजूने ज्यांची ज्यांची शेतं लागली त्यांनी सरांना बिनबोभाट पोल उभे करू दिले. कोणाचा मुलगा सरांच्या हाताखाली शिकलेला, कोणाचा नातू. पोलांची रांग टेकाडाला वळसा घालून घराकडे सरकत होती. शेवटच्या टप्प्यात मात्र एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला तात्यांचं शेत. मधली चिंचोळी पट्टी तेवढी सरांची.

तात्या म्हणजे सरांचे चुलतभाऊ. वयाने थोडे मोठे, शाळेत फारसे न गेलेले, बाजरी आणि कांद्यात आयुष्य काढलेले. दोघांच्या जमिनींमध्ये बांध, आणि बांधावर घायपाताच्या काटेरी झुडपांची रांग. तात्या म्हणायचे, घायपात हीच हद्द. सर म्हणायचे, घायपात तात्यांच्या वडिलांनी आमच्या अंगाला सरकवून लावलंय, खरी हद्द पलीकडे आहे, एक पाऊल पलीकडे. हा वाद बापाच्या काळापासूनचा. पण तो वाद घरातल्या जुन्या दुखण्यासारखा होता. कोणी काढत नव्हतं, कोणी विसरतही नव्हतं. लग्नाकार्यात एकमेकांच्या पंगतीला बसत होते.

सरांनी त्या पट्टीतला पहिला पोल घायपाताच्या पल्याड रोवला.

त्या दिवशी वायरचं मोजमाप घ्यायला मी वरच होतो. तात्या शेतातून सावकाश चालत आले. रागाने नाही आले, हे मी शपथेवर सांगतो.

"मास्तर, ह्यो खांब अल्याड घे की," तात्या म्हणाले. "घायपाताच्या अल्याड तुझं तू कितीबी खांब रव. मी काय म्हनलोय का तुला?"

"हद्द इथे आहे," सर म्हणाले. त्यांनी ओळंबा सोडला नव्हता.

"आरं पन तुला वायरच न्यायची ना? ती वायर काय हद्द वाचत जाती व्हय?"

"तात्या, मी घायपाताच्या अल्याड पोल लावला, तर घायपात ही हद्द मी कबूल केली असं होईल. खोटी हद्द मी माझ्या हाताने कशी दाखवू?"

"आन् मी ह्यो हितं राहू दिला, तर मी काय कबूल केलं असं हुईल?"

तात्यांचंही बरोबर होतं. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. त्याला वाटेल, लोखंडाचा पाइप तो, इकडे काय आणि तिकडे काय. पण आमच्याकडे शेतात रोवलेली वस्तू ही नुसती वस्तू नसते, ती साक्ष असते. आज खांब रोवू दिला, उद्या तोच खांब दाखवून पोरं भांडतात. दोघेही म्हातारे हे पुरतं जाणून होते.

मी मध्ये पडलो. म्हटलं, सर, एक पाऊल मागे घ्या. आज संध्याकाळपर्यंत घरात नेट चालू करून देतो. मुलगा उद्यापासून घरात बसून काम करेल.

"शेठ," सर म्हणाले, "तुझी नदी अजून डोंगर चढतेच आहे."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, अजून येतो. ज्या गोष्टीसाठी हा माणूस उन्हात खड्डे खणत होता, ती गोष्ट हातभर अंतरावर आली होती, आणि हा तिथे उभा राहून मला पाचवीतला नकाशा शिकवत होता.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्याला हे कळलं. मी अजून तिथेच होतो. तो दिवसभर गाडीत बसून वैतागलेला. "बाबा, तो पोल अलीकडे घ्या. प्लीज. मला त्या जमिनीतलं काही नकोय."

"प्रश्न जमिनीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"खऱ्याचा आहे."

मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "तुम्हाला आम्ही इथे राहायला हवे आहोत ना बाबा?"

"हवेच आहात. म्हणून तर लाइन आणतोय."

"मग आणा ना!" तो ओरडला. आतून सूनबाई मुलीला घेऊन दारात आली आणि पुन्हा आत गेली. मी चपला घातल्या.

सरांनी दुसऱ्या दिवशी राहिलेले सगळे पोल रोवले. एका सरळ रेषेत, सगळे पल्याड. तात्यांची मुलं मंचरला असतात, कांद्याच्या व्यापारात. ती आली, त्यांनी वकील गाठला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, जैसे थे. मोजणी होऊन निकाल लागेपर्यंत त्या पट्टीत काही लावायचं नाही, काही काढायचं नाही. पोल उभे आणि वायर माझ्या गोडाऊनमध्ये गुंडाळलेली.

मुलगा आणखी काही दिवस पिंपळाखाली बसला. मग पावसाळा तोंडावर आला, नातीची शाळा ऑनलाइन सुरू होणार होती, आणि गाडीत एका वेळी दोघांना बसून काम करता येईना. एका सकाळी ते पुण्याला निघाले. भांडण करून नाही गेले. नातीने आजोबांना मिठी मारली, सूनबाई पाया पडली, मुलगा म्हणाला, "निकाल लागला की कळवा, बाबा." गाडी सुटल्यावर सर तिच्यामागून चालत निघाले. गावातून, फाट्यावरून, पार घाटाच्या तोंडापर्यंत. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. वाटेत कितीतरी लोक भेटले, पण त्यांना कोणी हाक मारली नाही, कोणी थांबवलं नाही. सगळ्यांना वाटलं, सर मोजतायत.

पावसाळा संपल्यावर ते माझ्याकडे आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "शेठ, पोल अलीकडे घेऊ या."

सरांनी स्वतःचं उत्तर खोडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी लगेच दुकान भावाच्या ताब्यात दिलं आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून तात्यांकडे घेऊन गेलो. तात्या अंगणात कांदे निवडत होते.

"तात्या," सर उभ्या उभ्याच म्हणाले, "तुझं घायपात ती हद्द. मी लिहून देतो. मला पोल अलीकडे घेऊ दे."

तात्यांनी मान वर केली नाही. हातातला कांदा तेवढा बाजूला ठेवला.

"मास्तर, तवा एवढंच म्हनला असतास तर मी सोता तुझं खांब रवू लागलो असतो," ते म्हणाले. "आता न्हाई जमायचं. कोर्टात जबाब देताना तू काय लिवलंस? माझ्या बापानं हद्द चोरली. चोरली, असं लिवलंस. वकिलानं समद्यांफुडं वाचलं. माझी नातवंडं व्हती तितं."

"शब्द चुकला माझा."

"तुझा शब्द कवा चुकत न्हाई. लहानपनापासनं बघतोय की तुला." आता त्यांनी मान वर केली, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. "आता मोजनी हुंदे. माझा बाप चोर व्हता का न्हाई, ते मलाबी कळूंदे."

तो शब्द सरांना वकिलाने गाळायला सांगितला होता, हे मला मागाहून समजलं. 'सरकवली' लिहा, असं वकील म्हणाला होता. सर म्हणाले होते, दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली तर मराठीत तिला चोरीच म्हणतात. त्यांना घरी सोडायला जाताना पठारावरच्या वाऱ्यात मागे बसून ते काय बोलत होते ते मला नीट ऐकू आलं नाही. मीही वळून विचारलं नाही.

मग नुसती वाट बघणं. मी कामानिमित्त वर गेलो की सरांकडे डोकावायचो. एकदा गेलो तर सुतार बसलेला. पूर्वेच्या खिडकीशी मोठं टेबल बनत होतं, सागाचं, वायर जायला मागे भोकसुद्धा ठेवलेलं. मुलाची उंची, बसल्यावर कोपर कुठे येतं, खिडकीतून डोळ्यावर ऊन कधी येतं, सगळा हिशोब सर सुताराला समजावत होते. सुतार मला डोळ्यांनीच खुणावत होता की आता तुम्हीच सोडवा. मी सरांना म्हटलं, छान झालंय. आणखी काय म्हणणार? मुलाची पुण्यातली कंपनी सुटली होती आणि तो बंगलोरला गेला होता, हे गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. सरांनाही माहीत होतं. त्यांनीच तर मला सांगितलं होतं.

मोजणी झाली ती दोन वर्षांनी, कडक उन्हाळ्यात. मोजणीवाले यंत्र घेऊन आले, निम्मं गाव जमलं. तात्यांची मुलंही आली होती. दुपारपर्यंत खुणा पडल्या. घायपाताच्या पल्याड माती उकरली तर जुना हद्दीचा दगड निघाला. सरांचे सगळे पोल त्या रेषेवर होते. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. मोजणीवाला साहेब पोलांकडे आणि सरांकडे आळीपाळीने बघत राहिला.

लोकांना वाटलं, आता सर काहीतरी बोलतील. सर त्या दगडाकडे बघत उभे होते आणि त्यांचा चेहरा अगदी पडलेला होता. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही हाच निकाल नको वाटला असता. चुकलो असतो तर निदान माफी तरी मागता आली असती.

तात्या काठी टेकत त्यांच्यापाशी गेले. "घे बाबा तुझं पाऊल," ते म्हणाले, आणि मुलांचा हात न धरता एकटेच घराकडे गेले. त्यानंतर ते सरांच्या वाटेला आले नाहीत. लग्नकार्यातसुद्धा नाही.

निकालाची अडचण उरली नाही तेव्हा आम्ही वायर ओढली. सरळ रेषेतल्या पोलांवर वायर ओढणं किती सोपं असतं ते त्या दिवशी कळलं. वायरमनने राउटर टेबलाच्या वर भिंतीला बसवला. हिरवे दिवे लागले. सर हात मागे बांधून, वर्गात परीक्षा चालू असताना उभे राहायचे तसे, दिव्यांकडे बघत होते.

"चालू झालं?"

"झालं, सर. लावा फोन."

मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला. मुलगा ऑफिसात होता, मागे काचेच्या भिंती, माणसं ये-जा करत होती. "अरे वा, बाबा! काय क्लिअर दिसताय! एकदम मस्त स्पीड आहे." तो खरोखर खूश झाला होता, त्यात काही खोटं नव्हतं. नातीला आता कन्नड येतं, म्हणाला. सर ऐकत होते. मग त्यांनी फोन हळूच फिरवला. खिडकी दाखवली, खिडकीतून दिसणारं पठार दाखवलं, आणि फोन टेबलावर आणून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हे टेबल कोणाचं?" मुलाने विचारलं.

सरांचा हात हलला नाही. "इथलंच आहे," ते म्हणाले.

"छान आहे. पेपर वाचायला बरं होईल तुम्हाला. बाबा, मला मीटिंग आहे, रात्री बोलू?"

"हो हो. कर तुझं काम."

फोन बंद झाला. वायरमन शिडी उचलून बाहेर गेला. सर त्या टेबलाच्या खुर्चीवर बसले नाहीत, कडेच्या कॉटवर बसले.

"मोजणीत बरोबरच आलं ना रे, शेठ?"

"बरोबर आलं, सर. तंतोतंत."

"हं," ते म्हणाले.

सर आता नाहीत. पुढच्याच हिवाळ्यात गेले. पोल अजून ओळंब्यात उभे आहेत, वायरवर पाखरं बसतात. मला मात्र आठवतं ते वायर ओढली त्या दिवशीचं परतणं. सर आम्हाला सोडायला बांधापर्यंत आले आणि मग वळून घराकडे चालायला लागले. माझा नट आवळायचा पाना टेबलावर राहिल्याचं माझ्या लक्षात आलं. सवयीने मी गप्प राहिलो. त्यांना चालताना हाक मारायची नाही, मोजणी चुकते, हे पाचवीपासून अंगात मुरलेलं. पण पाना लागणार होता, म्हणून भीतभीतच हाक मारली, "सर!"

"ओ," ते लगेच म्हणाले, आणि थांबले.